पंखा न फिरल्याचं दाजींना उशिरा कळवताना

आदरणीय दाजी,

धाकट्या मेहुण्याचा नमस्कार (हात ग्रीसने काळे आहेत, म्हणून लांबूनच). तुमची तब्येत बरी असेल, नव्या ऑफिसातले साहेब माणसासारखे वागत असतील आणि गुडघा फार कुरकुरत नसेल, असं धरून चालतो. आमच्याकडे सगळे ठीक. मी तेवढा दमलो आहे. दिवसभर कचेरीत लोकांच्या जन्ममृत्यूचे दाखले लिहायचे आणि घरी येऊन तुमच्या मोटरसायकलसमोर उकिडवं बसायचं, यात तीन आठवडे गेले. दर रविवारी तुम्ही फोनवर विचारता, गाडी बरी आहे ना, आणि मी हो हो म्हणतो. ते खोटं होतं. फोनवर खरं बोलायची सोय नाही, कारण तुमचा फोन आला की ताईला नेमकं माझ्या पाठीमागचंच कपाट आवरायचं असतं. म्हणून हे पत्र.

बदलीच्या गावी जाताना तुम्ही गाडी आणि ताई, दोघींना आमच्याकडे ठेवून गेलात. (ताई स्वतःहून राहिली, मान्य. आठ दिवस राहते म्हणाली होती, त्याला आता तिसरा महिना लागला.) ताईबद्दल तुमच्या काही सूचना नव्हत्या, गाडीबद्दल मात्र पाठपोट लिहिलेला कागद होता. रोज दहा मिनिटं चालू ठेवणे. इंजिन तापलं की रेडिएटरचा पंखा आपोआप फिरेल. न फिरल्यास गाडी ताबडतोब बंद करून मला कळवणे. तर दाजी, तो फिरला नाही. गाडी ताबडतोब बंद केली. कळवायचं तेवढं राहून गेलं.

ताई तेव्हा दोरीवर कपडे वाळत घालत होती. तिने तिथूनच सांगितलं, आत पाणी आहे का ते आधी बघ. मी कूलंटची, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याची, बाटली दाखवली, भरलेली होती. बाटलीतलं नाही रे, आतलं, ती म्हणाली. मी मान डोलावली आणि मेकॅनिकला बोलावलं. (आमच्या कोपऱ्यावरचे मेकॅनिक. काहीही विचारलं की 'होऊन जाईल' म्हणतात, म्हणून त्यांचं नावच होऊनजाईल पडलं आहे.) त्यांनी फ्यूज काढून उजेडात धरला, फुंकर मारली, परत बसवला. फ्यूज शाबूत. मग पंख्याच्या तारा थेट बॅटरीला लावल्या आणि काय सांगू, पंखा असा भिरभिरला की शेजारच्यांनीसुद्धा टाळ्या वाजवल्या! तारा काढल्या, पंखा थांबला. मग रिले (पंख्याला वीज सोडणारी डबी) बदलला. मग ताप ओळखणाऱ्या सेन्सरची दोन टोकं तारेच्या तुकड्याने जोडली, पुन्हा पंखा फिरला. म्हणजे पंखा चांगला, वायरिंग चांगलं, आणि गाडी तापून तव्यासारखी झाली तरी पंखा ढिम्म. होऊनजाईल म्हणाले, सेन्सर गेला. त्यावर ताई म्हणाली, अहो पण पाणी. त्यावर मी तिला म्हणालो, तुला काय कळतं त्यातलं.

ती ओल्या कपड्यांची बादली उचलून आत गेली. दाजी, तुमच्या वेळीही ती अशीच आत निघून गेली होती ना? आधी बदलीच्या गावची जागा मला बघू द्या, मग भाड्याच्या कागदावर सही करा, असं ती सांगत होती आणि तुम्ही तिला हेच वाक्य ऐकवलंत, असं आमच्या हिने मला सांगितलं होतं. तेव्हा मी तुम्हाला मनातल्या मनात बरंच काही म्हणालो होतो. ते सगळं आता परत घेऊन स्वतःला लावून घ्यावं लागलं, आणि फार लाज वाटली.

नवा सेन्सर यायला नऊ दिवस लागले. जुना काढताना कूलंट सांडणार, म्हणून होऊनजाईलनी खाली घमेलं ठेवायला सांगितलं. ताईने आणून ठेवलं आणि तिथेच कमरेवर हात ठेवून उभी राहिली. सेन्सर निघाला. नवा बसला. गाडी चालू केली, पंधरा मिनिटं झाली, पंखा जागचा हलेना. आम्ही दोघे पंख्याकडे बघत होतो, ताई घमेल्याकडे. मग शांतपणे म्हणाली, यात एक थेंब का नाही?

गाडी निवल्यावर रेडिएटरचं झाकण उघडलं. आत खडखडाट! सेन्सर बिचारा पाण्यात बुडलेला असेल तर त्याला ताप कळणार. तो हवेत लोंबकळत होता. बाटलीकडून येणाऱ्या नळीला उभी चीर गेली होती. गाडी तापली की पाणी त्या चिरेतून बाहेर, निवली की पाण्याऐवजी हवा आत, आणि बाटली आपली काठोकाठ. (खाली थेंब पडायचे, ते मला दोरीवरच्या कपड्यांचे वाटायचे. हसा.) नळी बदलली, कूलंट भरलं, सातव्या मिनिटाला पंखा घरघरला. टाळ्या कोणीच वाजवल्या नाहीत. होऊनजाईल ताईला म्हणाले, बाई, तुम्हाला कसं कळलं? ती म्हणाली, अकरा वर्षं मागे बसून सगळं ऐकलंय मी, माझं कोणी ऐकत नाही एवढंच.

बाकी क्षेम. गाडी आता ठणठणीत आहे, काळजी नसावी. आता जरा झोपतो.

तुमचा,
मेहुणा

ता. क. गाडी न्यायला या. पण दाजी, नुसती गाडी न्यायला येऊ नका. दर रविवारी तुम्ही गाडीची चौकशी करता आणि ताई कपाटात तोंड घालून म्हणते, सांग, बरी आहे. ती बरी नाही. एकदा फोन तिला द्यायला सांगा. तुझं ऐकायला हवं होतं, एवढंच म्हणा. मी कालच म्हणालो; जीभ झडत नाही.

ता. क. २. पाकीट मागायला गेलो तर ताईने पत्र हिसकावून वाचलं. झाकण गाडी निवल्यावरच उघडायचं हे ठळक लिही म्हणाली, आणि 'कमरेवर हात' खोडायला लावत होती. वरच्या ता. क.वर बराच वेळ थांबली. खोड म्हणाली नाही. आता पत्र टाकायला तीच निघाली आहे, चप्पल घालून दारात उभी आहे. माझ्यावर सोडलं तर आठवडा जाईल म्हणते, आणि आठवडा फार होतो.