ठिपका

हार्लन क्रीक, मिसूरी
एप्रिलचा दुसरा शनिवार

टेसाताई,

कशी आहेस? पोरांचा खोकला गेला का? इकडे सगळं ठीक. डॉगवूडला पांढरी फुलं आलीत, ओढ्याला पाणी आहे, आणि माझी गाडी परत सुरू होत नाहीये.

फोन करत नाही म्हणून चिडू नकोस. बाबांचे डोळे गेले तसे त्यांचे कान उघडलेत. गोठ्यात उभं राहून हळू आवाजात बोललो तरी जेवताना विचारतात, ‘टेसा काय म्हणत होती?’ म्हणून हे पत्र. तेसुद्धा तुकड्यातुकड्यांत लिहितोय. मधे गाडीचं कार्ब्युरेटर उघडलं, आणि त्यात कुंभारमाशीचं घर निघालं! एवढ्याशा नळीत एवढा चिखल ती आणते कशी? असो.

तू सांगितलेलं काम. ते चालू आहे म्हण.

मी आलो त्याच दिवशी बाबांनी कॉफीचा मग खाली ठेवला आणि म्हणाले, ‘कोल्बी, तुझी बहीण बंदूक न्यायला सांगतेय ना?’ मी म्हटलं, नाही हो. ते हसले. आता ते आपल्या तोंडाकडे बघत नाहीत, कानाच्या बाजूला कुठेतरी बघतात. मधलं सगळं पुसलंय, कडेकडेचं तेवढं दिसतं. त्यामुळे खोटं बोलणं सोपं जाईल असं वाटतं. जात नाही.

मग त्यांनी कपाटातून एक डबी काढली. लेसर. बंदुकीच्या नळीखाली बसवायचा, बोटाएवढा. ज्यांना दिसत नाही त्यांना इथे तो लावून टर्की मारायची परवानगी मिळते, सोबत डोळस माणूस हवा एवढंच. ‘हा बसव,’ म्हणाले. ‘पुठ्ठ्यावर नेम लागला तर सोमवारी शिकारीचा सीझन सुरू झाला की मी डोंगरावर. नाही लागला तर बंदूक टेसाकडे घेऊन जा. मी हूं की चूं करणार नाही.’

ताई, मी हो म्हटलं. तू माझ्यावर ओरडशील. पण त्यांना नाही म्हणायला तूच यायला हवं होतंस.

बसवायला सकाळ गेली. क्लॅम्प नळीवर घट्ट बसवला, बंदूक गाडीच्या फाळक्यावर वाळूच्या पिशव्यांत टेकवली आणि ठिपका पुठ्ठ्यावर आणला. एक बार काढला तर धक्क्याने ठिपका पुठ्ठा सोडून कोंबड्यांच्या खुराड्यावर! बाबा म्हणाले, ‘कोंबड्यांचा सीझन नाहीये, गधड्या.’ मग सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून मधे घातली आणि परत आवळला. लेसरला दोन बारीक स्क्रू असतात, एक वरखाली, एक डावीउजवी. जरा फिरवायचा, बार काढायचा, छर्रे कुठे पडले ते बघत जायचं, परत फिरवायचा. खांदा सुजलाय माझा. आणि उन्हात लाल ठिपका दिसतच नाही, म्हणून नीट काम सावल्या लांबल्यावरच.

पुठ्ठ्यावर मी टर्कीचं डोकं आणि मान काढली होती. बाबांनी पुठ्ठा कडेने डोळ्याजवळ धरला. ‘ही टर्की आहे की तुझी आत्या?’

मग ते बंदुकीमागे बसले. काडतूस घातलं नव्हतं, नुसता सराव. मी विचारलं, ‘ठिपका दिसतोय?’

‘दिसतोय की. मानेच्या मधोमध.’

ताई, मी लेसर चालूच केला नव्हता.

तुला हे लिहायचं की नाही यावर मी बराच घोळ घातला, म्हणून तर कुंभारमाशीचं सांगत बसलो. मी तेव्हा काहीच बोललो नाही. गुपचूप लेसरचा खटका दाबला, काडतूस भरलं आणि त्यांच्या खांद्यावरून वाकून ठिपका बघत राहिलो. ‘जरा डावीकडे. अजून. खाली. बस, तिथेच.’ बार निघाला. आत्याबाईंची मान उडाली. मी नाचलो अक्षरशः.

बाबा नाचले नाहीत. बंदूक मोकळी करून मांडीवर आडवी ठेवली. म्हणाले, ‘आधीच्या वेळी खटक्याचा आवाज आला नव्हता.’

मी खाली पडलेलं रिकामं काडतूस उचललं.

‘मला ठिपका कधीच दिसणार नाही, कोल्बी. चालू असो की बंद. तो तुझ्यासाठी आहे. मी मुद्दाम दिसतोय म्हटलं, तू काय करतोस बघायला. तू माझं खोटं चालू दिलंस, वाईट वाटू नये म्हणून.’ मग म्हणाले, ‘झुडपामागे माणूस असला आणि तू असाच गप्प बसलास तर?’

नॉर्थ डाकोटात तेलाच्या विहिरीवर कामाला जाणार होतो मी, सोमवारीच हजर व्हायचं होतं. ते त्यांना सांगितलं नव्हतं. तेव्हा सांगितलं. ते म्हणाले, ‘गाडी दुरुस्त करतोयस त्यावरून कळलं होतं.’

थकलोय गं मी. ते माझ्याहून जास्त थकलेत, तरी सोमवारी पहाटे कुठल्या ओकखाली बसायचं ते सांगत होते. नर टर्की डोंगराच्या कुठल्या अंगाला ओरडला, किती लांब, हे त्यांना अजून ऐकूनच कळतं. फक्त समोर काय आहे ते खरं सांगणारं कुणीतरी लागतं. आजवर मी कुणाजवळ एवढा वेळ बसलेलो नाही.

बंदूक घरातच आहे. काडतुसं माझ्या खिशात, ती मी सोडून कुणाच्या हाती जाणार नाहीत. डाकोटाला उद्या फोन करून नाही म्हणून सांगतो. मी एखाद्या सकाळी म्हटलं, ‘नाही बाबा, आज नको,’ तर बंदूक खाली ठेवायची, हे त्यांनी कबूल केलंय. तू मात्र एकदा येऊन आमच्यामागे बसून बघ, मग काय ते ठरव. तू नाही म्हणालीस तर मी स्वतः ती तुझ्याकडे पोचवीन.

आतून आवाज आला आत्ता. ‘पेन थांबलं. झालं का लिहून? वाच.’

वाचून दाखवतो. ठिपक्याचंही, सगळं, एक शब्द न गाळता.

सीझन संपेपर्यंत इथेच असलेला,
कोल्बी