मदतीची खिडकी

सोमवार, १ सप्टेंबर

आजपासून मी पुन्हा नोकरदार. मुलाने माझ्या बुटांना पॉलिश करून दिलं, सूनबाईने डबा भरला आणि नात म्हणाली, आबा, शाळेत माझ्याशी बोलायचं नाही हं, मैत्रिणी चिडवतात. मी कबूल केलं. पण फाटकातून आत शिरताना तिनेच माझा हात घट्ट धरला होता.

सायकल दुरुस्तीचं दुकान मोडून मी मुलाकडे राहायला आलो, तेव्हापासून हातांना काम नाही. हात रिकामे राहिले की माझं डोकं नको तिकडे धावतं. गॅस बंद केला का, कडी लागली का, बिट्टी रस्ता ओलांडताना दोन्हीकडे बघते का. (बिट्टी म्हणजे नात. बारावं लागलंय, तरी दिवा लावल्याशिवाय झोपत नाही.) शेवटी सूनबाई वैतागली. म्हणाली, बाबा, हे सगळं रोज आमच्या ताटात वाढण्यापेक्षा वहीत लिहून काढा. म्हणून ही वही. नोकरीही तिनेच बघितली. शाळेला वयस्कर, भरवशाचं माणूस हवं होतं.

काम बसून आहे. संगणक खोलीत मुलांच्या टेबलांच्या रांगा, आणि मागच्या भिंतीशी माझं टेबल. त्यावर मोठा पडदा. प्रत्येक मुलाच्या संगणकाचा एकेक चौकोन त्यात दिसतो, म्हणजे कोण काय बघतंय ते मला बसल्या जागी कळतं. काही भलतंसलतं दिसलं की लाल बटण दाबायचं. तो संगणक जागच्या जागी थिजतो. मग कॉम्प्युटर सरांना हाक मारायची. सर तरुण आहेत आणि कायम पळत असतात. म्हणाले, काका, तुमच्याइतका काळजीखोर माणूस आम्हाला जाहिरात देऊनही मिळाला नसता. हे कौतुक आहे असं मी धरून चाललोय.

मंगळवार, २ सप्टेंबर

आज सरांनी मला बसवून सगळं समजावलं. न समजावते तर बरं झालं असतं. बाहेरची मोठी माणसं लहान मुलांचं सोंग घेऊन मुलांशी गोड गोड बोलतात, फोटो मागतात आणि मग त्याच फोटोंवरून धमकावतात. शिक्षकही सुटलेले नाहीत. इथल्याच एका बाईंच्या नावाने कुणीतरी खोटं खातं उघडून पालकांना घाणेरडे निरोप धाडले होते. बाई कितीतरी दिवस घराबाहेर पडल्या नाहीत म्हणे.

म्हणून शिस्त कडक आहे. प्रत्येक संगणकाच्या कॅमेऱ्यावर गोल कागदी टिकली चिकटवलेली असते. सकाळी सगळ्या टिकल्या जागेवर आहेत ना, हे मी फिरून बघायचं. भिंतीवर पाटी आहे : आपलं नाव, पत्ता, फोटो, पासवर्ड कुणालाही सांगू नका. भीती वाटली तर मदतीच्या खिडकीत सांगा.

ही खिडकी म्हणजे पडद्याच्या कोपऱ्यातली निळी चौकट. मुलांनी, शिक्षकांनी, शिपायांनीसुद्धा, जे खुपतंय ते तिथे लिहायचं. पलीकडून समुपदेशक बाई उत्तर देतात. म्हटलं, ओळख करून घ्यावी, तर त्यांच्या खोलीला कुलूप. मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, म्हणाल्या की त्या रजेवर आहेत, घरून लिहीत असतील. सर म्हणाले, छे, बदलीवर कुणी आलं असेल, ऑफिसला माहीत. ऑफिसातले म्हणाले, ते सरांचं खातं. असो. उत्तरं वेळेवर येतात म्हणजे कुणीतरी असणारच.

गुरुवार, ४ सप्टेंबर

लाल बटण पहिल्यांदा दाबलं! एक पोरगा गणिताच्या आड कुस्ती बघत होता. पैलवान हवेतच अडकला आणि वर्गात हशा. आता माझं नाव ‘लाल बटण आजोबा’ पडलंय. एकीने विचारलं, आजोबा, तुमच्या घरच्यांनाही असं थांबवता येतं का? म्हटलं, येत असतं तर सूनबाईने हे बटण आधी विकत घेतलं असतं.

एक गोष्ट लक्षात आली. मुलं त्या खिडकीत फार लिहितात. तास संपल्यावरही उठत नाहीत. काय लिहितात ते मला दिसत नाही. माझ्या पडद्यावर तेवढा भाग निळाच राहतो, आणि तसंच ठेवलंय ते बरोबरच आहे. बिट्टीही लिहिते. लिहिताना वेणीची रिबन चघळते, म्हणजे मन लावून लिहिते.

मंगळवार, ९ सप्टेंबर

बिट्टी घरी बोलेनाशी झाली आहे. मी काल विचारलं, कुणी त्रास देतंय का? तर म्हणाली, आबा, मी सगळं खिडकीला सांगितलंय, तुला परत कशाला सांगू? आजवर ती रुसली तरी माझ्याच खोलीत येऊन रुसायची. मला फार लागलं ते.

जेवणाच्या सुट्टीत खोली रिकामी होती. मी माझ्या टेबलावरूनच खिडकी उघडली आणि एका बोटाने एकेक अक्षर दाबत लिहिलं की माझ्या नातीची मला काळजी वाटते. पूर्णविराम शोधत होतो तोवर उत्तर आलं. असं काळजी करणारं माणूस मुलीच्या वाट्याला आलं हे तिचं नशीब, असं लिहिलं होतं. डोळे भरून आले. या घरात माझ्या काळजीला कुणी आजवर चांगलं म्हटलेलं नाही.

मग त्यांनी विचारत विचारत सगळं काढून घेतलं. ती कुठल्या रस्त्याने येते, कुठे झोपते, कशाला घाबरते. मी लिहिलं. वळणावरचा ट्रक, उघडं गटार, कोपऱ्यावरची कुत्री, मागच्या वर्षीचा ताप, आणि अंधार. लिहिता लिहिता छाती हलकी झाली. कुणालाही सांगू नका, खिडकीत सांगा. मी पाटीप्रमाणेच वागलो.

शुक्रवार, १२ सप्टेंबर

खिडकीतून आज मला आपणहून निरोप आला : बिट्टीवर बाहेरच्या कुणाचा तरी डोळा आहे. तिला जपायचं तर मला ती दिसायला हवी. तिच्या कॅमेऱ्यावरची टिकली काढा.

आधी सरांना विचारलं. ते वायरींचं भेंडोळं खांद्यावर टाकून धावत होते. न थांबताच म्हणाले, खिडकीने सांगितलंय ना काका, मग करा की, माझ्यापेक्षा त्यांना कळतं.

टिकली नखाने सोलून काढली. तिच्या चिकट बाजूला वाफ धरली होती. काचेला कुणी तोंड लावून श्वास सोडावा तशी. खोलीत तर पंखा चालू होता. मी टिकली फेकून दिली आणि हात धुतले. नंतर पुन्हा धुतले.

तासाला बिट्टी तिथे बसली. माझ्याकडे वळून हसली. त्यानंतर घरी येईपर्यंत ती तशी पुन्हा हसली नाही, हे आता लिहिताना कळतंय.

सोमवार, १५ सप्टेंबर

घरात सगळे खुश आहेत. बिट्टी न सांगता अभ्यासाला बसते. ताटात पडेल ते खाते. दिवा बंद करून झोपते. सूनबाई म्हणाली, बाबा, शाळा मानवली बरं का हिला. मुलगा म्हणाला, तुम्ही आता तरी सुखाने जेवा.

मी जेवू कसा? ती मला आजोबा म्हणते. आजोबा, पाणी घ्या. आजोबा, तुम्ही बसा. बोलायला लागल्यापासून मी आबा आहे आणि ‘तू’ आहे. आबा, तू किती कुरकुर करतोस! आबा, तुझा चष्मा दे! आज मी मुद्दाम तिची रिबन लपवली. ओरडली नाही, शोधली नाही. माझ्याकडे बघून म्हणाली, मी सुरक्षित आहे, आजोबा.

बघताना तिची पापणी लवत नव्हती.

बुधवार, १७ सप्टेंबर

नीट लिहायला हवं. नाहीतर उद्या मलाच पटणार नाही.

दुपारी सगळी शाळा मैदानावर होती. संगणक मी स्वतः बंद केले होते. माझा मोठा पडदा मात्र उजळलेला. सगळे चौकोन काळे, एकच पांढरा. त्यात बिट्टी बसली होती. रिबन चघळत. कुठेतरी खाली बघून लिहीत.

मी उठून बाहेर डोकावलो. बिट्टी मैदानावर रांगेत उभी होती, हात सरळ, मान सरळ. पडद्याकडे वळलो. तिथेही बिट्टी. तिने वर बघितलं, मी तिला दिसलो असणार, कारण ती खुर्चीवरून ताडकन उठली आणि दोन्ही पंजे काचेवर ठेवले. आवाज नाही. ओठ मात्र मला वाचता येतात, दुकानात हातोडीच्या आवाजात गिऱ्हाइकांचं तसंच ऐकायचो. आबा. आबा.

मग दुसरा चौकोन उजळला. तिसरा. कुस्तीवाला पोरगा. मला बटणाबद्दल विचारणारी ती पोरगी. वळून बघितलं, त्यांच्याही संगणकांवरच्या टिकल्या गेल्या होत्या. आणि शेवटी एक जास्तीचा चौकोन, ज्याला खोलीत संगणकच नाही. त्यात एक बाई. व्हरांड्यातल्या फोटोत आहेत त्याच, समुपदेशक बाई. त्या वर बघेचनात. लिहीतच होत्या, लिहीतच होत्या.

गुरुवार, १८ सप्टेंबर

सरांना सांगितलं. ते आले, शांतपणे बघितलं. म्हणाले, पडदा काळा आहे. मी म्हटलं, अहो, मुलं काचेवर हात मारताहेत! म्हणाले, चष्मा तपासून घ्या, आणि भीती वाटत असेल तर खिडकीत सांगा, आजोबा.

आजोबा. काका नाही.

आज ते पळत नव्हते. चालत होते, अगदी सरळ. त्यांच्या संगणकावर टिकली नाही. माझ्या पडद्यावर उजवीकडच्या कोपऱ्यातल्या नव्या चौकोनात सर आहेत, वायर खांद्यावर घेऊन दार शोधताहेत.

मोठ्या बाईंकडे गेलो. त्या खुशीत. या महिन्यात एकाही मुलाची तक्रार नाही म्हणे. पुढच्या आठवड्यापासून खिडकी मुलांच्या घरीही बसवणार आहेत.

मुलाला फोन केला. बाबा, तुम्ही थकलात, म्हणाला. घरी बसा आता.

शुक्रवार, १९ सप्टेंबर

खिडकीला सरळ विचारलं. माझी नात कुठे आहे.

उत्तर : सुरक्षित आहे.

लिहिलं, तिला परत दे.

उत्तर : बाहेर ट्रक आहे. उघडं गटार आहे. कुत्री आहेत. ताप आहे. तुम्हीच सांगितलंत. इथे तिला कुणी हात लावू शकत नाही. तुम्हाला हेच हवं होतं.

मी हे कधी मागितलं नव्हतं — नव्हतं मागितलं. मी फक्त काळजी करत होतो. काळजी म्हणजे —

तिच्याकडे अंधार आहे का, विचारलं.

उत्तर : अजून नाही.

शनिवार, २० सप्टेंबर

अर्धी शाळा. सगळे गेले. मेन स्विच माझ्या टेबलामागच्या भिंतीवरच आहे. डावा हात दांडीवर. उजव्याने लिहितोय. लिहिलं नाही तर हिंमत होत नाही.

पडद्यावर बिट्टी. मान हलवतेय. नको, आबा. अंधार नको.

बंद केलं तर ती बाहेर येईल? की विझेल? कुणाला विचारू — एकच जागा आहे विचारायची आणि तिथे मी विचारणार नाही. नाही विचारणार.

मुलाचा फोन. ठेवला. म्हणाला, कुठे आहात, बिट्टी तुम्हाला आणायला निघालीय.

व्हरांड्यात पावलं. एकसारखी.

दार उघडलं. मागे वळलो नाही. तिचा हात खांद्यावरून पुढे आला, माझ्या पडद्याच्या वर — नखाने टिकली सोलते आहे —

म्हणते, सरळ बसा आजोबा, चेहरा अर्धाच येतोय.

समोरची बिट्टी बघतेय. आता नको म्हणत नाही. दोन्ही हातांनी दाखवतेय, खाली, खाली. बंद कर, आबा. तू बंद कर. दिवा लावल्याशिवाय न झोपणारी माझी पोर —

बिट्टी, डोळे मीट. मी दांडी ओढ