कुंकवात वेढलेली अक्षरं

औरंगाबाद, ता. २ ऑगस्ट १९४९

चि. बन्सी यास आवडाक्काचा पोटभर आशीर्वाद. वि. वि.

पंचमीला मला न्यायला आलास आणि नुसता चहा पिऊन, तोंड फुगवून निघून गेलास. मी माहेरी आले नाय म्हणून तुझा राग नाय. शेजारच्या कमरोद्दीनभाईंच्या ओसरीवर बसलेली दिसले म्हणून आहे. तर नीट वाच.

मुंबईचं एक इंग्रजी साप्ताहिक येतं. त्यात चार-पाच अक्षरं देतात. ती सगळी ज्यात आहेत असा इंग्रजीतला लांबात लांब शब्द शोधायचा, नायतर दोन-तीन शब्द जोडून झालेला वाक्प्रचार. पहिलं बक्षीस रेडिओ. भाई निजामाच्या कचेरीत इंग्रजी कारकून होते, मिलिटरी आल्यापासून घरी बसलेत. डोळे मंदावले. ते पाटीवर अक्षरं काढून देतात, मी त्यांच्या जाड डिक्शनरीवर बोट फिरवते. अर्थ मला एकाचा कळत नाय. तांदळातला खडा निवडायला त्याचं नाव-गाव लागतं का? दिसला की बोट थांबतं. भाई शब्द कागदावर उतरवतात आणि खाली उर्दूत आकडा टाकतात, शब्दात अक्षरं किती त्याचा. मग मी दिलेल्या अक्षरांना कुंकवाचा गोल करते, म्हणजे एखादं सुटलं तर कळतं. भाई म्हणतात, आवडाबाई, तुम्ही एकेका अक्षराचं लग्नच लावता. बिल्किसभाभी म्हणते, रेडिओ आला की मधल्या भिंतीवर ठेवू, नायतर दोन घरं मारामारी करून मरतील.

आपल्या फकिरादादाला रझाकारांनी कापलं ते मी विसरले, असं तू तुझ्या दाजींना म्हणालास. बन्सी, दादाची मान धडाला लावून लुगड्याच्या पट्टीनं मी बांधली. तू भिंतीला धरून ओकत होतास. आणि गेल्या साली आपलेच लोक कुऱ्हाडी घेऊन ह्या गल्लीत शिरले तेव्हा भाईंच्या दारात मुसळ घेऊन मीच उभी होते. एकाच्या गुडघ्याची वाटी फोडली. अजून लंगडतो, आणि दिसला की रामराम घालतो.

सोबत कारळ्याची चटणी दिलीय ती वाया गेलेल्या कोड्याच्या कागदात बांधलीय. चटणी खा, कागद चुलीत घाल. सरूबाईला आणि पोरींना आशीर्वाद. राग गिळ आणि माया पातळ होऊ देऊ नको.

तुझी आक्का, आवडाबाई


सिल्लोड, ता. ७ ऑगस्ट १९४९

ती. आक्काच्या पायी बन्सीचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

पत्र पावलं. चटणी झणझणीत होती, सरूनं तर भाकरीवर भाकरी खाल्ली. पोरींना खोकला आहे, बाकी क्षेम.

कागद चुलीत घातला नाही. लाल गोल, खाली उर्दू आकडे. एका जाणत्या माणसाला दाखवला. तू लिहिलेलं रेडिओचं सगळं सांगितलं, तर तो हसला. म्हणाला, अडाणी बाईला पुढं करून काम काढायची ही जुनी तऱ्हा आहे.

पंधरा दिवस त्या घराची पायरी चढू नकोस. का ते विचारू नकोस. तुझ्यावाचून मला वडीलधारं कुणी नाही. लोभ आहे तेवढा राहू दे.

तुझा बन्सी


औरंगाबाद, ता. १४ ऑगस्ट १९४९

बन्सीस आवडाक्काकडून.

परवा सकाळी पोलीस आले. भाई दाढी विंचरत होते. त्याच दाढीला धरून त्यांना गल्लीभर फरफटत नेलं. भाभी आडवी पडली तर तिच्या पोटात बूट घातला. ती अजून सरळ उभी राहत नाय.

भाकरी घेऊन चौकीत गेले. भाईंना खुंटीला हात बांधून टांगलेलं. पायाचे तळवे फुटून खाली रक्ताचं थारोळं, त्यात माशा. अमीनसाहेब, म्हणजे तिथला फौजदार, परमुलखातला, नवीन आहे. तो विचारत होता, हा चौदाचा आकडा म्हणजे चौदा बंदुका कुठं पुरल्यात, ही सतरा माणसं कोण. भाई म्हणत होते, हुजूर, हर्फ गिने हैं, हर्फ. नुसती अक्षरं मोजलीत. मग त्यांचा उजवा हात सोडवून मेजावर ठेवला आणि बंदुकीच्या दस्त्यानं ठेचला. तीन बोटं. लाकडं मोडल्यासारखा आवाज आला. मी शिपायाच्या मनगटाला चावले. त्यानं मला तोंडावर मारलं, एक दाढ हातात आली.

मेजावरचा कागद मी पाहिला. कुंकू माझं. कोपऱ्याला तेलाचा डाग होता, वास कारळ्याचा.

आता सांग. कुणाला दिलास?

आवडाबाई


सिल्लोड, ता. १८ ऑगस्ट १९४९

ती. आक्कास बन्सीचा दंडवत. वि. वि.

कुणाला दिला ते नाव लिहीत नाही, पण दिला मीच. ते गोल पाहिले आणि दादाची मान दिसली. मला वाटलं, ह्या वेळी तरी आपण आधी जागं व्हावं. तुझं नाव मी कुठंही घेतलं नाही, देवाशपथ.

दोन दिवस जेवण उतरत नाही. तू चौकीत जाऊ नकोस. गोल मी काढले असं तू म्हणालीस तर तुलाही टांगतील. भाऊ म्हणून पाया पडतो. मला टाकू नकोस.

बन्सी


औरंगाबाद, ता. २७ ऑगस्ट १९४९

बन्सीस.

चौकीत गेले मी. तुला विचारून जायला मी काय तुझी बायको आहे? डिक्शनरी डोक्यावर घेतली, दाजींना म्हणाले, परत आले नाय तर म्हशीचं बघा.

अमीनसाहेबाला सांगितलं, हे शब्द मी काढलेत, गोल माझे आहेत, टांगायचं तर मला टांगा. सगळी चौकी हसली. त्यानं मला सही करायला लावली, माझं अक्षर बघून आणखी हसले. मग त्यानं पाटीवर तीन अक्षरं काढली. एक शेपटीवाला गोळा, एक दोन पोटांचं, एक गलोलीसारखं. म्हणाला, माझी सिगरेट संपेपर्यंत काढ, नाय निघालं तर म्हाताऱ्याचा दुसरा हात.

भाई भिंतीला टेकून बसलेले, एक डोळा सुजून बंद. पुस्तक उघडलं तर त्यांच्या नाकातलं रक्त पानावर टपकलं. मी पदरानं पुसलं. शेपटीवाला गोळा फार थोड्या शब्दांत येतो, आणि तो शेवटाकडं कुठं भेटलाय ते माझ्या बोटाला ठाऊक होतं. तिकडची पानं उलटत गेले. सिगरेट दोन बोटं उरली होती तेव्हा बोट थांबलं. चौदा अक्षरं.

अमीनसाहेबानं वाचलं, पुन्हा पाटी बघितली. एकदा नशिबानं होतं म्हणाला, आणि दुसरी अक्षरं दिली. तीही काढली. तिसऱ्या वेळी त्याची सिगरेट पेटवायची राहिली आणि माझं बोट थांबलं. भाईंना मी विचारलं, पहिल्या शब्दाचा अर्थ काय. फुटक्या ओठांनी म्हणाले, बिलाशक. शंकाच नाय.

संध्याकाळी फळीवर घालून भाईंना घरी आणलं. माफी कुणी मागितली नाय. डोळा गेला. हकीम म्हणतो, उजव्या हातात परत टाक धरता येणार नाय.

आता तुझं. तू इंग्रजी तिसरीपर्यंत शिकलास. दादानं दूध विकून शिकवलं. त्या कागदावरचे शब्द तुला वाचता येत होते, बन्सी. मला येत नव्हते. तू वाचले नाहीस.

दिवाळीच्या कोड्याला ऑक्टोबरअखेरपर्यंत मुदत आहे. शब्द मी काढलाय. मला इंग्रजी अक्षर ओळखता येतं, काढता येत नाय. भाभीला तेही नाय. भाऊबीजेला ये. दारात आल्याबरोबर एक मुस्काटात खाशील, ती माझ्या दाढेची. मग ओवाळीन. ताटात पैसा टाकू नको, लुगडं आणू नको. टाक आण. भाईंच्या खाटेसमोर जमिनीवर बस आणि ते सांगतील ते एकेक अक्षर उतरव. खाली नाव त्यांचं घाल. भाभी म्हणते, चहा देईन, तोंड बघणार नाय. तो चहा प्यायचा.

गल्लीत तुझ्यावर कुणी हात उचलला तर मुसळ दाराआड आहे.

आशीर्वाद लिहिलेला नाय. कागद लिहून झाला की तोंडानं देईन.

आवडाबाई