सुटलेले रोजे

मंगळवार, ४ मार्च

आज तिसरा रोजा. म्हणजे घरातल्या बाकीच्यांचा. माझा एकही नाही.

डॉक्टरीणबाईंनी साफ सांगितलंय — यंदा रोजे नाहीत म्हणजे नाहीत! आतड्यातल्या जखमा पुन्हा चिघळल्यात. दिवसातून तीनदा गोळ्या, वर सतत पाणी. ‘मी तुमच्या धर्माच्या आड येत नाही हो, तुमच्या आतड्याची बाजू घेतेय.’

नवऱ्याला ठाऊक आहे. सासूबाईंना नाही. त्यांच्या लेखी आजार म्हणजे ताप. हाताला लागला पाहिजे. त्यांना सांगितलंय, पाळी आलीय. पाळीत रोजा माफ असतो.

दुपारची गोळी कारखान्यात कापडाच्या ताग्यांमागे उभ्यानेच घेतली. सोबत दोन बिस्किटं. चोरी केल्यासारखी!

रविवार, ९ मार्च

सासूबाईंनी विचारलंच. ‘तुझी सुट्टी संपली नाही का गं अजून?’ आठवडा उलटला. बहाणा संपला. ‘उद्यापासून धरते,’ तोंडातून निघून गेलं.

लेकीने गळ्याला मिठीच मारली. बारा वर्षांची आहे, यंदा पहिल्यांदाच सगळे रोजे धरायचे म्हणून हट्टाला पेटलीय. ‘अम्मी, आता आपण दोघी!’

खरं लिहू? सासूबाईंचं नुसतं निमित्त. मलाच धरायचा होता. अकराव्या वर्षापासून धरतेय. बाळंतपणात सुटले तेही पुढे भरून काढले. या आजाराने जेवण नेलं, झोप नेली, चारचौघांत निवांत बसणं नेलं. माझं म्हणावं असं एवढंच उरलंय — उपाशी राहण्याची ताकद.

सोमवार, १० मार्च

धरला! पहाटे सेहरीच्या जेवणाला नवरा टक लावून बघत होता, पण आईसमोर तोंड उघडलं नाही. रागही आला, बरंही वाटलं. संध्याकाळी पाण्याचा पहिला घोट किती गोड लागला.

बुधवार, १२ मार्च

संडासला नऊ वेळा.

शुक्रवार, १४ मार्च

कालपासून रक्त. कुणाला बोलले नाही.

गणवेशाचं कापड अंथरलेलं, साठ थर. कटिंग मशीन निम्म्यात टाकून पळाले. परत येते तर थर सरकलेले, आणि सुपरवायझरबाई कमरेवर हात ठेवून उभ्या. ‘काय हो, संडासाशी लग्न लावलंय का तुमचं?’ सगळ्या हसल्या. मीही हसले. न हसून करते काय?

एक गोळी सेहरीला, एक संध्याकाळी. तिसरी कुठे बसवायची? पर्समध्ये साठत चालल्यात.

सोमवार, १७ मार्च

हॉस्पिटलात लिहितेय. अक्षर वाकडं येतंय, हाताला सुई आहे.

शनिवारी कटिंग टेबलाशीच कोसळले. मशीन बंद होतं, नाहीतर बोटं गेली असती. रक्ताच्या दोन पिशव्या चढवल्या. डॉक्टरीणबाई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

नवऱ्याने आईला सगळं सांगून टाकलं. सासूबाई आल्या, पायथ्याशी बसल्या. माझ्या पायाचा अंगठा धरला. मग म्हणाल्या, ‘मी एवढी वाईट आहे का गं? नुसतं रक्त जातंय म्हणाली असतीस, तर घास कोंबला असता तुझ्या तोंडात.’

‘तुमच्यासाठी नाही केलं.’

‘मग कुणासाठी?’

अल्लासाठी, म्हणणार होते. जीभ रेटेना.

रविवार, २३ मार्च

घरी. सासूबाईंनी मौलानांना फोन केला. ते म्हणाले, बरा न होणारा आजार असेल तर एका रोज्यामागे एका गरजूला जेवू घालायचं. मग काय! आता रोज डबा भरून कोपऱ्यावरच्या एकट्या म्हाताऱ्याला नेऊन देतात. जाताना दारातून डबा उंच करून दाखवतात. ‘हा बघ, तुझा रोजा निघाला!’ हसू येतं, मग रडू.

आज दुपारी सगळ्यांदेखत जेवले. त्यांनीच वाढलं. घास फिरत होता तोंडात, तरी गिळला. मोकळं वाटायला हवं होतं. नाही वाटलं. घरातली सगळी पलीकडच्या काठावर आणि मी एकटीच अलीकडे, असं काहीतरी.

मंगळवार, २५ मार्च

लेक शाळेतून आली ती दप्तरासकट माझ्यासमोर उभी. ‘अम्मी, रागावू नकोस. मलाही रक्त जातं. दोन महिने झाले.’

मला वाटलं, पाळी.

‘ते नाही. तुझं जातं तसं.’

‘मग बोलली का नाहीस?’

‘तू कुठे बोललीस?’

उद्या दहाला डॉक्टरीणबाईंकडे न्यायचंय. आत्ता मी तिला पाणी पाजलं, माझ्या हाताने. सूर्य मावळायला अजून तीन तास होते.