छताबद्दल मी काहीही बोलणार नाही

आदरणीय दादांस साष्टांग नमस्कार (कंबर धरली आहे, त्यामुळे तूर्त कागदावरच). तुमचा रक्तदाब कसा आहे? वहिनींचा गुडघा? इथे मी ठीक. तुमची बहीण बॅग घेऊन तुमच्याकडे आलीच आहे, तेव्हा तिची खुशाली तुम्हीच कळवा.

तिने तिची बाजू सांगितली असेल, आता माझी ऐका. विधिमंडळाच्या नव्या सभागृहाचं छत वर्षाच्या आत गळायला लागलं आणि चौकशी समितीने आम्हा बांधकाम खात्यातल्या अभियंत्यांना त्याच सभागृहात बोलावलं. तुम्ही गाठ घालून दिलेल्या वकिलांनी माझ्याकडून एकच वाक्य घोटवून घेतलं : या उत्तराने मी स्वतःच गोत्यात येऊ शकतो, म्हणून उत्तर न देण्याचा हक्क मी बजावतो. एका प्रश्नाचं उत्तर दिलं की सगळ्यांची द्यावी लागतात, तेव्हा खोकायचं तेही जपून, अशी ताकीद. झालं! मी नावसुद्धा सांगितलं नाही (ते त्यांनी माझ्या गळ्यातल्या ओळखपत्रावर वाचलं). तेवढ्यात बशीएवढा गिलावा सुटून अध्यक्षबाईंच्या पुढ्यातल्या पाण्याच्या ग्लासावर आदळला. तोंड पुसत त्यांनी विचारलं, "हे काय पडलं?" वकिलांनी माझा पाय दाबला. मी हक्क बजावला. माझ्यामागून आलेल्या सचिवसाहेबांनी तर 'पंखा बंद करू का' यावरही बजावला.

तीच सवय घरी आली. 'जेवायला वाढू का' यावर हक्क बजावून मी उपाशी झोपलो. सकाळी ती समोर बसली, डोळे भरून आले होते, म्हणाली, "एकच सांगा, या छतात तुम्ही काही खाल्लंत का?" काय सांगू दादा, तिथेही माझ्या तोंडून तेच वाक्य बाहेर पडलं! तिने बॅग भरली. घर अक्षरशः खायला उठतंय हो. तिची तेवढी समजूत काढा. वहिनींना नमस्कार.

आपला मेहुणा
(नाव वकिलांना विचारून कळवीन)

ता. क. : ते वाक्य सवयीने गेलं असं वर लिहिलंय, ते खोटं आहे. मी एक पैसा खाल्लेला नाही. पण 'नाही' म्हटलं असतं तर 'मग कोणी?' हा तिचा पुढचा प्रश्न ठरलेला. आणि भागीदाराच्या नावावर घेतलेलं त्या छताचं कंत्राट तुमचं आहे, हे तिला अजून ठाऊक नाही.

आणखी ता. क. : सोमवारी समितीने मला परत बोलावलंय. वकिलांना मी आत्ताच फोनवरून नारळ दिला आहे आणि विचारतील ते सगळं सांगणार आहे. त्याआधी तिला तुम्ही स्वतः सांगा. पेपरात वाचायची वेळ आली, तर तुमच्याच घरात ती तुम्हाला घ्यायची नाही.