विहिरीतला मासा आणि पूर्वेचा पट्टा

मी, लोरेन्झ हाइडब्रेख्ट, वय एकसष्ट, मूळ जर्मनीतल्या हेस प्रांतातला, गेली एकोणीस वर्षे कॅन्सस राज्यात स्मोकी हिल नदीच्या दक्षिणेस राहणारा, धंदा शेती व विहिरी खणणे, पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दडपणाखाली नसताना हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. माझ्या छातीत बिघाड आहे, डोक्यात नाही. याआधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. ते रागाच्या भरात केले होते.

दगडी घर आणि त्यामागचे मातीचे जुने घर माझी पत्नी ओटिलिए हिच्याकडे ती हयात असेतो राहील. जुने घर पाडू नये. आम्ही आलो तेव्हा इथे एकही झाड नव्हते. गवताच्या मुळांनी धरलेली माती विटांसारखी कापून आम्ही ते रचले. पहिल्या संध्याकाळी ओटिलिए दारात उभी राहून म्हणाली, "इथं आकाश फार खाली येतं हो." मग चर्चमध्ये शिरावे तसे आम्ही वाकून आत गेलो.

जमीन मुलगा ऑगस्ट याला. दोन्ही दुभत्या गाई आणि बायबल मुलगी फ्रीडेरिके हिला, कारण ऑगस्ट ते उघडत नाही. कुदळ, पहार, दोर व रहाट ऑगस्टलाच. मात्र वर माणूस असल्याशिवाय त्याने विहिरीत उतरू नये.

ओढ्याकाठचा पूर्वेचा पट्टा शेजारी कास्पर ड्योर्फलर याला. या पट्ट्यापायी आम्ही नऊ वर्षे एकमेकांशी बोललो नाही. हद्दीचा दगड त्यानेच सरकवला, असे मी आजही म्हणतो. तरी पट्टा त्याला का, ते लिहितो.

१८८१ साली पाऊस पडला नाही. ओढा आटला, विहीर आटली. ऑगस्ट रेल्वेच्या कामावर गेला होता. ओटिलिए वर खेचर हाकत रहाट सांभाळायची आणि मी खाली खणायचो. सत्तर फुटांवर पिवळसर चुनखडीत कुदळीला दात लागला. चाकूने खरवडत गेलो, तसा जबडा निघाला, माझ्या हाताएवढा लांब. मग पाठीचा कणा, विहिरीच्या भिंतीला वळसा घालून खडकात शिरलेला. मासा. आजूबाजूला शिंपले. समुद्र इथून शेकडो मैल दूर, आणि मी त्याच्या तळाशी उभा होतो. मी टोपी काढली.

तेवढ्यात वरची माती ढासळली आणि मी छातीपर्यंत गाडला गेलो. ओटिलिए धावत गेली ती कास्परकडेच. दुसरे घर चार मैलांवर होते.

वरून आवाज आला, "लोरेन्झ, आहेस का?"

"आहे."

"मग हलू नकोस. भांडण वर आल्यावर करू."

तो स्वतः उतरला. दुपारभर हातांनी माती उपसत होता. मध्येच त्याच्या कंदिलाचा उजेड भिंतीवर पडला आणि तो थांबला. माझा पाय सोडवायचे विसरून त्याने त्या दातांवर तळवा ठेवला. हळूच म्हणाला, "देवानं हे आपल्यापासून लपवलं होतं, की आपल्यासाठी ठेवलं होतं?" मग पुन्हा माती उपसू लागला.

पुढच्या आठवड्यात मी आणखी चार फूट खाली गेलो, तेव्हा पाणी लागले. ते वीस फूट चढले. मासा त्याखाली गेला. आम्हा दोघांशिवाय कुणी तो पाहिला नाही. हवा कमी पडून बाबांना भास झाला, असे ऑगस्ट म्हणतो. एकदा पाहुण्यांदेखत म्हणाला. ते मी विसरलेलो नाही, पण जमीन त्यालाच दिली आहे.

विहिरीला कधीही कुलूप घालू नये. वाटसरू कोणत्याही भाषेत पाणी मागो, त्याला द्यावे.

दुरुस्ती: वरील मजकूर वाचून दाखवल्यावर कोर्टाच्या कारकुनांनी सांगितले की साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही. साक्षीला बोलावलेल्या कास्परला मी म्हटले, तू पट्टा घे, साक्षीला दुसरा कुणी आणू.

"पट्टा ऑगस्टला जाऊ दे," तो म्हणाला. "सही मीच करतो. तो मासा मीही पाहिलाय. माशाचं पुन्हा एकदा वाचा."

कारकुनांनी पुन्हा वाचले. कास्परने सही केली. म्हणून पट्ट्याचे कलम रद्द, पट्टा ऑगस्टला.

ऑगस्ट खोलीतच उभा होता. त्याने विचारले, "किती लांब होता, काका?"

कास्परने दोन्ही हात पसरले. मग उठून भिंतीशी गेला, आणि खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेला.

लिहून देणार: लोरेन्झ हाइडब्रेख्ट
साक्षीदार: कास्पर ड्योर्फलर, शेतकरी; एझ्रा पेनिमन, कोर्टाचे कारकून
माझ्या राहत्या घरी, स्मोकी हिलकाठी, ३ ऑक्टोबर १८९१