राहिलेलं पारणं

३ ऑगस्ट

आलो एकदाचे! गडमुडशिंगीच्या दोन खोल्यांतून कळंब्याच्या बंगल्यात यायला उमर गेली, पण आलो. त्रिशलानं नव्या शेगडीवर दूध उतू घालवलं. श्रेयस पुण्याहून आला, बापाची हौस बघून हसला आणि संध्याकाळी परत गेला. मी मात्र आधी माझा जुना हातोडा शोधला. शिरोलीच्या फौंड्रीत हेल्पर होतो तेव्हापासूनची सवय. स्वतःची भट्टी झाली तरी गेली नाही. ओतलेलं कास्टिंग डोळ्यांनी बघायचं नाही, टोला मारून ऐकायचं. खणखणलं तर घ्यायचं, बद्द वाजलं की आत चीर.

सगळ्या घराला टोले मारत फिरलो. त्रिशला म्हणाली, घर हाय हे, पंपाचं कास्टिंग न्हाय, आणि आता मलाबी एक टोला मारून बघा, फुटकी निघाली तर परत घेत्यात का ते. म्हटलं, तुझा खणखणाट रोज ऐकतोयच की.

झोपायच्या खोलीची मागची भिंत तेवढी पातळ वाजली. पलीकडं हातभर बोळ आणि मग डॉक्टर विश्वजित यांचं छोटं हॉस्पिटल. आजारी पडायची सोय झाली म्हणून सगळ्यांनी चेष्टा केली.

९ ऑगस्ट

त्या भिंतीतून सकाळी बारीक आवाज येतो. टिंग, टिंग, टिंग. त्रिशलाला येत नाही, माझे कान भट्टीवर तयार झालेले. कंपाउंडवरून हॉस्पिटलच्या सिस्टरला विचारलं. निशिगंधा नाव, मोठी गोड पोरगी. म्हणाली, काका, तो ऑपरेशनच्या पेशंटच्या बोटाला लावलेल्या यंत्राचा आवाज. एकेक टिंग म्हणजे काळजाचा एकेक ठोका. आणि रक्तात ऑक्सिजन कमी पडला की आवाज आपोआप खाली खाली येतो, म्हणजे डोकं दुसरीकडं असलं तरी कळावं.

काय डोकं लावलंय बघा! हे यंत्र करणारा नक्की आमच्या जातीचा, कानाचा माणूस असणार.

१६ ऑगस्ट

डॉक्टर चहाला आले. माणूस दिलदार. त्रिशलाला वहिनी म्हणतात. मी विचारलं, परवा मध्येच आवाज बंद पडला तो कसा काय. ते हसले. म्हणाले, मीच बंद करायला लावतो की, डोकं उठतंय त्या टिंगटिंगीनं, पडद्यावर आकडे दिसतातच.

आमच्या भट्टीचा भोंगा कुणी बंद केला तर मी त्याला गेटबाहेर काढतो. हे जिभेवर आलं होतं. पण पावणा घरात, हातात चहाचा कप. बिस्किटं पुढं केली.

२८ ऑगस्ट

आम्हा जैनांचं दशलक्षण पर्व बसलं. त्रिशलानं दहा दिवसांचा उपास धरला. दिवसातून एकदा उकळलेलं पाणी, बास. या वयात कशाला म्हटलं, तर म्हणते, नवं घर दिलं देवानं, फुकट घ्यायचं व्हय?

५ सप्टेंबर

रात्रभर त्रिशलाच्या पोटात कळ. डॉक्टरांनी सोनोग्राफी केली. पित्ताशयात खडे, काढावे लागणार. ही हटून बसली, की उपास पुरा झाल्याशिवाय न्हाय. डॉक्टर म्हणाले, वहिनी, मग तर लई बेस, पोट आयतंच रिकामं, परवा सकाळी उरकू आणि मग करा तुमचं पारणं.

मला तोड पटली. तिलाही पटली. दोघंही हसलो.

७ सप्टेंबर

त्रिशला चालतच गेली, शेजारी हळदीकुंकवाला जावं तशी. सांगून गेली, मूग भिजवलेत, मुगाचं पाणी काढून ठेवा, पारण्याचा पहिला चमचा तुमच्या हातचा. भुलेचे डॉक्टर घाईत आले. एवढंच विचारलं, काही खाल्लंय का? ही अभिमानानं म्हणाली, धा दिवस न्हाय. सगळे हसले. ना रक्त तपासलं, ना ईसीजीचा कागद काढला. डॉक्टर विश्वजित मला म्हणाले, बाकड्यावर ताटकळू नका, घरी बसा, हाक मारतो.

म्हणून भिंतीला खुर्ची लावून लिहीत बसलोय. आवाज सुरू झाला. टिंग, टिंग. ही माझी त्रिशला. खणखणीत. ऐकायला बरं वाटतंय.

हॉस्पिटलच्या फाटकातून एक गाडी निघून गेली.

आवाज जरा पळतोय. एक ठोका चुकला. मग दोन लागोपाठ. परत सरळ.

खाली येतोय. अजून खाली. ते सगळे तिथंच आहेत की, त्यांनाही ऐकू येत असेलच—

बंद झाला. म्हणजे डॉक्टरांनी बंद करायला लावला, नेहमीसारखा. म्हणजे उरकत आलं असणार. मूग शेगडीवर ठेवून येतो.

१२ सप्टेंबर

त्रिशला गेली. टेबलावरच गेली.

मुगाचं पाणी झाकून ठेवलं होतं, ते आंबलं. श्रेयसनं टाकायला उचललं तेव्हा मी त्याच्या हातातून वाटी काढून घेतली. 

डॉक्टर आले होते. म्हणाले, काळीज दगा देऊन गेलं, एवढ्या लांब उपासानं अंगातले क्षार उतरतात, भुलेत काळजाला ते झेपत नाही, वहिनींनी असा उपास करायला नको होता. मी म्हटलं, डॉक्टर, उपास तुम्हाला ठाऊक होता. माझ्यासमोरच म्हणालात, लई बेस. ते चपला शोधायला लागले.

१९ सप्टेंबर

श्रेयसनं तक्रार दिली. हॉस्पिटलला कुलूप लागलं. यंत्रं गाडीत घालून नेली, मी फाटकात उभा राहून बघितलं. आत कुणी नाही.

दुपारी भिंतीतून आवाज आला. टिंग, टिंग.

२१ सप्टेंबर

परत. कान भिंतीला लावला. पळतो, एक चुकतो, दोन लागोपाठ. तोच. श्रेयसला भिंतीशी उभं केलं. म्हणतो, आप्पा, काही नाही, पुण्याला चला. आवाज खाली यायला लागला तसा मी खोलीबाहेर पळालो. शेवटचं ऐकवत नाही.

२५ सप्टेंबर

निशिगंधा आली. बसल्या बसल्या रडायला लागली. म्हणाली, काका, भुलेचे डॉक्टर काकूंना भूल देऊन दुसऱ्या हॉस्पिटलला गेले, तिथंबी पेशंट घेतलावता. आवाज उतरत होता, मी दोनदा बोलले. साहेब म्हणाले, आधी ती कटकट बंद कर. मी बटण दाबलं, काका.

ती गाडी. ती मी ऐकली होती.

पाणी आणायला उठलो. परत आलो तर पोरगी भिंतीकडं बघत होती, तोंड पांढरंफटक. मी काही विचारलं नाही. तीच म्हणाली, मशीन न्हाय की हो तिथं. आणि अनवाणी पळाली. चपला अजून दारात आहेत.

म्हणजे माझे कान फुटके नाहीत.

३० सप्टेंबर

आज पळालो नाही. बसलो.  आणि मध्येच उमगलं. वाजतंय तोवर ती टेबलावर आहे. गेलेली नाही. अजून गेलेली—

मग उतरला, आणि कुणीतरी बटण दाबलं.

४ ऑक्टोबर

हातोड्यानं भिंतीवर टोला मारला. उतरणारा आवाज थबकला. दुसरा मारला. चढला. खरंच चढला. त्या दिवशी एक टोला मारला असता तर—

हात थांबला. उतरला.

६ ऑक्टोबर

श्रेयसनं हातोडा लपवला. शोधला. दाराला आतून कडी. गिलावा पडलाय, विटा दिसतात. खणखणतोय. माझी त्रिशला. मूग भिजत घातलेत, छोटी शेगडी इथंच आणलीय.

७ ऑक्टोबर

कालपासून बंद पडू दिला नाही. टोला, टिंग. टोला, टिंग. तळहात सोलले. श्रेयस दार ठोकतोय, आप्पा, आप्पा. त्याला सांगा कुणीतरी, कडी काढायला हात मोकळा नाही. आई पलीकडं—

मुगाचं पाणी झालंय. गार होतंय. पहिला चमचा—

हे लिहायला हातोडा ठेवला तेवढ्यात खाली आला. इतका खाली कधी नव्हता. थांब. त्रिशला, थांब, मी आहे, ऐकतोय. बटण दाबू नका रे कुणी. हातोडा, इथंच तर ठे—